मोठ्याचं

चिनी स्वयंपाकात 'होंगशाव' नावाची एक पद्धत आहे. होंग म्हणजे लाल, शाव म्हणजे विस्तवावर शिजवणं. मांसाचे तुकडे साखरेच्या पाकात परतायचे, सोया सॉस, आलं, पातीचा कांदा, चक्रफूल, दालचिनी घालायची आणि मंद आचेवर दोन-तीन तास विसरून जायचं. शेवटी जो रंग येतो त्याला मराठी माणूस लाल म्हणणार नाही. जुन्या सागवानी दाराला असतो तसा तो रंग. पण रंगांच्या बाबतीत भाषांचं आपापसात कधी पटलेलंच नाही. इंग्रजी ज्या चहाला काळा म्हणते त्याला चिनी लाल म्हणते, आणि आपण त्याच चहाला कोरा म्हणतो.

गेल्या वर्षी एका चिनी कथेचा अनुवाद करताना हा पदार्थ माझ्यासमोर आला. मला चिनी येत नाही. खाण्यापिण्याचे तीसेक शब्द येतात, तेही जेएनयूत चिनी शिकलेल्या एका मैत्रिणीमुळे. मी इंग्रजीवरून मराठीत आणते. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला अनुवादाच्या अनुवादाबद्दल बरंच वाईट बोलायला शिकवलं होतं. पुढे पोट मात्र त्याच्यावरच भरलं. कथा क्वांगशी प्रांतातल्या एका खेड्यात घडते. भात, ऊस, चिखल. मुलगा शेन्झेनच्या कारखान्यात कामाला आहे, नववर्षाच्या सुट्टीत तीन दिवसांसाठी येणार आहे, आणि म्हातारी आई त्याच्यासाठी पहाटेपासून पातेलं चढवून बसली आहे. मुलगा येतो, जेवतो, फारसं बोलत नाही, जातो. एवढीच कथा. त्या पातेल्यात इंग्रजी अनुवादकाने 'रेड-ब्रेज्ड बीफ विथ टर्निप्स' ठेवलं होतं.

टर्निप सोपं निघालं. मैत्रिणीने मूळ पान काढून वाचलं आणि म्हणाली, "ल्वोबो आहे गं. मुळा." इंग्रजी वाचकाला मांसासोबत मुळा पचणार नाही असं अनुवादकाला वाटलं असावं. मला ते बरंच झालं. शलगम दिल्लीत हिवाळ्यात ढिगाने येतो, पण महाराष्ट्रात तो कुणाच्या ओळखीचा नाही. मुळा सगळ्यांच्या ओळखीचा. गाजराला चिनीत 'हू ल्वोबो' म्हणतात, म्हणजे परमुलखातला मुळा, हेही तिने जाता जाता सांगितलं. मिरचीला परदेशी म्हणायचं विसरून गेलेले आपण. चिनी भाषा गाजराला अजून विसरू देत नाही.

बीफपाशी मात्र गाडी अडली. मूळ शब्द 'न्योरौ'. रौ म्हणजे मांस. आणि न्यो? न्यो म्हणजे गाय, बैल, वळू, वासरू, आणि म्हैससुद्धा. नेमकं सांगायचं असेल तर 'ह्वांगन्यो' म्हणजे पिवळा न्यो, आपल्या बैलासारखा, आणि 'श्वेइन्यो' म्हणजे पाण्यातला न्यो, म्हैस-रेडा. पण पातेल्यात गेल्यावर सगळे न्योच. मैत्रीण म्हणाली, "लेखकाने कुठला ते सांगितलेलं नाही. पण दोन पानं आधी शेतात जे जनावर उभं आहे ते श्वेइन्यो आहे." दक्षिण चीनच्या भातखाचरांत नांगराला रेडाच असतो. म्हातारीच्या पातेल्यात काय होतं हे चिनी वाचकाला विचारावंसं वाटत नाही, इंग्रजी वाचकालाही नाही. मराठीत आलं की पहिला प्रश्न तोच.

गंमत अशी, की जनावर उभं असेपर्यंत मराठी भाषा अतिशय श्रीमंत आहे. गाय, कालवड, खोंड, गोऱ्हा, बैल, वळू, म्हैस, वगार, पारडू, रेडा, हेला, टोणगा. वय, लिंग, काम, खच्ची केलेला की नाही, सगळ्याला शब्द. जनावर पडलं की भाषा गप्प. इंग्रजीने शेतातल्या जनावराला आपला शब्द ठेवला आणि ताटातल्याला फ्रेंचांचा घेतला. मराठीने त्यातला मटण उचलला आणि सगळ्यांना लावला. बोकडाचं मटण, कोंबडीचं मटण, डुकराचं मटण. मटण म्हणजे मूळची मेंढी, हे आता कुणाच्या लक्षातही नाही.

मग माझ्यापुढे कोणते शब्द होते? 'गोमांस' हा शब्द मी आयुष्यात कुणाला खाताना ऐकलेला नाही. गोमांस पकडलं जातं, जप्त होतं, वर्तमानपत्रात छापून येतं. ते कुणाच्या घरी शिजत नाही. 'बीफ' हॉटेलातलं. कॉलेजातली मुलं बीफ खातात, गोव्याला जाऊन खातात. 'म्हशीचं मांस' बरोबर आहे, पण ते निर्यातीच्या आकडेवारीतलं वाटतं. कुठलीही म्हातारी मुलाला "ये, म्हशीचं मांस केलंय" असं म्हणणार नाही. आणि मग एक शब्द होता, जो मला आठवावा लागला नाही. 'मोठ्याचं'. लहान म्हणजे शेळी-बोकड, मोठं म्हणजे गाय-बैल-म्हैस. दिल्लीत 'बड़े का' म्हणतात, अगदी तसाच. 'मोठ्याचं'मध्ये कुठलं जनावर ते उघडच ठेवलेलं आहे. चिनीतल्या न्योला इतका जवळचा शब्द मला इंग्रजीतसुद्धा सापडला नसता.

तो शब्द माझ्या आईचा. खरं तर तिच्या आईचा.

मी ज्या पदार्थाचं भाषांतर करते तो शक्य असेल तर आधी करून बघते. ही काही निष्ठा वगैरे नाही. 'मुरवणे', 'आटवणे', 'रटरटणे' यांतलं कुठलं क्रियापद लिहायचं ते गॅससमोर उभं राहिल्याशिवाय मला ठरवता येत नाही, इतकंच. पण मी राहते नोएडात. हरियाणाचा गोवंश संरक्षण कायदा २०१५चा, दिल्लीचा कृषी पशुधन संरक्षण कायदा १९९४चा, उत्तर प्रदेशचा गोहत्या प्रतिबंधक कायदा १९५५चा. गुरुग्रामला मेट्रोत बसून दिल्लीमार्गे नोएडाला उतरलं की दीड-दोन तासांत माणूस तिन्ही कायद्यांखालून जातो. तिन्हींत गाय, बैल, वासरू यांना बंदी आहे. तिन्हींत म्हैस नाही. महाराष्ट्रातही आता तसंच आहे: १९७६च्या कायद्यात बैल-वळू सुटले होते, १९९५मध्ये विधिमंडळाने त्यांनाही बंदीखाली आणणारं विधेयक मंजूर केलं आणि त्यावर राष्ट्रपतींची सही व्हायला २०१५ उजाडलं. म्हैस तिथेही बाहेर. म्हणजे माझ्या पातेल्यातला न्यो कोणता असायचा, हे माझ्याऐवजी चार विधानसभांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कथेतल्या शेतातलाही तोच निघावा हा योगायोग.

तो योगायोगही वाटतो तेवढा लांबचा नाही. भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे, आणि त्यात उत्तर प्रदेशाचा वाटा मोठा. कित्येक वर्षं यातलं बरंच मांस कागदोपत्री व्हिएतनामला जायचं आणि तिथून सरहद्द ओलांडून चीनमध्ये. क्वांगशी त्या सरहद्दीलाच लागून आहे. गावातल्या कसायाने म्हातारीला त्या दिवशी काय दिलं असेल याचा विचार करताना मला कधीकधी बुलंदशहर-अलिगढकडची म्हैस दिसते.

मांस आणायला मी यमुनेपलीकडे ओखल्याच्या बाजूला, बाटला हाउसच्या गल्ल्यांत जाते. दुकानदार मला 'बाजी' म्हणतो. पहिल्यांदा "कौन सी डिश?" असं त्याने विचारलं तेव्हा मी "चाइनीज" म्हटलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तो बोंग ले जाइए. निहारी वाला." बोंग म्हणजे मागच्या पायाची पोटरी, स्नायूंमधून चिवट पांढरे पदर गेलेली. चिनी स्वयंपाकी याच पदार्थासाठी नेमका हाच भाग मागतो. त्याला ते पदर हवे असतात, कारण दोन तासांनी तेच विरघळून रस्सा दाट होतो. निहारीत दाटपणासाठी पीठ लावतात, होंगशावमध्ये नाही. बाकी दोन्ही पदार्थ सख्खे म्हणावेत इतके जवळचे. भावही बोकडाच्या निम्म्याहून कमी. त्यात थोडा सीनाही घ्यायचा, चरबीसाठी.

परतताना रिक्षा कालिंदी कुंजच्या पुलावरून नदी ओलांडते, आणि पलीकडे उत्तर प्रदेशची पाटी लागते. पिशवीत जे आहे ते दोन्ही काठांवर कायदेशीर आहे. तरीही मी ती पिशवी पायाशी न ठेवता मांडीवर घेते, वर कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला दिसेल अशी. माझा जिल्हा गौतम बुद्ध नगर. याच जिल्ह्यात दादरीजवळच्या बिसाहडा गावात २८ सप्टेंबर २०१५च्या रात्री, घरात गाईचं मांस असल्याच्या अफवेवरून, मोहम्मद अखलाक यांना जमावाने मारून टाकलं. तपासासाठी नेलेलं मांस बोकडाचं आहे असं आधीच्या अहवालात आलं. गाईचं किंवा वासराचं आहे असं मथुरेच्या प्रयोगशाळेचं म्हणणं मे २०१६मध्ये बाहेर आलं. मांसाला नाव देण्याचं काम इतकं निकडीने चाललेलं मी अन्यत्र पाहिलेलं नाही, आणि तो माणूस तर पहिल्या अहवालाच्याही आधी गेलेला होता. त्याच ऑक्टोबरात दिल्लीच्या केरळ हाउसच्या कँटीनमध्ये पोलीस शिरले, कारण फलकावर 'बीफ' लिहिलेलं होतं. पातेल्यात म्हैस होती. केरळात बीफ म्हणजे सर्रास तेही. काही दिवस पदार्थ बंद राहिला, मग पुन्हा सुरू झाला. एका राज्याच्या जेवणाच्या फलकाचं दुसऱ्या राज्यात भाषांतर करून घेतलं नाही तर काय होतं, याचं हे उदाहरण मी अनुवादाच्या कार्यशाळेत द्यायचं ठरवते आणि दर वेळी ऐन वेळी देत नाही.

आई माझ्याकडे राहते. आताच्या लातूर जिल्ह्यातली, १९७९ साली लग्न होऊन दिल्लीला आलेली. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं, आणि त्या क्वार्टरमध्ये तिने कधीही मोठ्याचं शिजवलं नाही. आजोळी गेलं की मात्र दोरीवर वाळत घातलेल्या चान्या दिसायच्या, मिठाच्या, काळपट, निखाऱ्यावर भाजून मिळायच्या आणि दिल्लीला परतताना गाडीत आई आम्हाला बजावायची, "शाळेत सांगायचं नाही." महाडला मार्च १९२७मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचा ठराव झाला, आमच्या आजोबांपर्यंत तो पोचायला १९५६ उजाडलं. ढोरं ओढणं सोडलं, मेलेल्याचं खाणं सोडलं. बाजारातून विकत आणलेलं मोठ्याचं हे वेगळं होतं, ते बरीच वर्षं चालू राहिलं. हा फरक आई आजही ठासून सांगते. बाहेरच्यांना तो दिसत नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५मध्ये आलं तेव्हा मी ते तिला वाचून दाखवलं होतं. चान्यांपाशी ती म्हणाली, "छापलं? नावानिशी?" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. त्या पुस्तकाचा भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४मध्ये निघाला, तो मी तिला दाखवला नाही. इंग्रजीत छापून येणं तिला इतकं लागत नाही.

तर त्या दिवशी पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा तिने विचारलं, "काय आणलंस?"

"म्हशीचं. त्या कथेतलं करून बघतेय."

"चिन्यांचं?"

"हो."

"कर," म्हणाली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली, पण आवाज कमी ठेवला.

एक किलोचे अंगठ्याएवढे तुकडे. आपण मांस धुतो आणि थेट फोडणीला टाकतो. चिनी माणूस आधी ते गार पाण्यात बुडवून गॅसवर ठेवतो. पाणी तापत जाईल तसा राखाडी फेस वर येतो, तो सगळा काढायचा, मग तुकडे कोमट पाण्याने धुवायचे. म्हशीच्या मांसाला हे फारच मानवतं, त्याचा उग्र वास निम्मा इथेच जातो. मग लोखंडी कढईत थोड्या तेलावर मूठभर खडीसाखर. चिनीत तिला 'बर्फसाखर' म्हणतात. ती वितळून सोनेरी, मग लालसर झाली की क्षणभरही न थांबता मांस टाकायचं, नाहीतर कडू. त्यात आल्याचे जाड काप, लसूण, पातीचा कांदा, दोन चक्रफुलं, दालचिनीचा तुकडा, एक मसाला वेलची. फिका सोया सॉस तीन मोठे चमचे, गडद एक. पहिला मिठासाठी, दुसरा रंगासाठी. शाओशिंगची तांदळाची दारू हवी. ती नाही, म्हणून चमचाभर रम. ह्वाजियाओ, म्हणजे ज्याला सिचुआन मिरी म्हणतात, ती आपल्या तिरफळाच्या घरातलीच. मालवणहून आलेली तिरफळं माझ्याकडे असतातच, बिया काढून सहा-सात टाकली. मग मांस बुडेल एवढं उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर मांस आखडतं. झाकण, सगळ्यात बारीक आच.

बोंग शिजायला अडीच तास. कुकरला पाऊण तासात होतं, पण मला क्रियापद हवं होतं. पहिल्या तासात ते नुसतं उकळतं. दुसऱ्यात बुडबुडे जड होतात, मोठे होऊन सावकाश फुटतात, आवाज बदलतो. मराठीत 'रटरटणे' आहे, पण त्यात घाई आहे, आमटीची. शेवटी मी 'कढत राहिलं' लिहिलं.

मुळा शेवटच्या पाऊण तासात. दिल्लीच्या हिवाळ्यातला हातभर लांब पांढरा मुळा, साल जाड काढून, तिरके मोठे तुकडे, दुसऱ्या भांड्यात एक उकळी देऊन. गाजर त्यानंतर. त्यात मी कमळकाकडीही घातली. कथेत ती नाही, पण चिन्यांना प्रिय आहे आणि नोएडाच्या मंडईत ताजी होती. मांसापेक्षा मुळाच जास्त चांगला लागतो, असं पुष्कळ चिनी म्हणतात. खरं आहे. तो सगळा रस पितो, तिखटपणा टाकतो आणि जिभेने दाबला तर फुटतो.

मधल्या वेळात मी वाचत बसले होते. यू हुआ यांच्या १९९५च्या कादंबरीत, रक्त विकून घर चालवणाऱ्या माणसाची ती गोष्ट, दुष्काळात घरात पेजेशिवाय काही नसताना बाप मुलांना नुसत्या तोंडाने डुकराचं होंगशाव करून वाढतो. कापतो, तळतो, सोया सॉस ओततो, सगळं शब्दांत. पोरं आवंढे गिळतात. दुसरीकडे चीनमध्ये न्योचं मांस ही सदासर्वकाळ साधी गोष्ट नव्हती, हे मला नव्याने कळलं. थांग राजवटीच्या कायद्यात स्वतःचा बैल मारणाऱ्यालाही शिक्षा होती, कारण बैल म्हणजे नांगर. पुढच्या शतकांत तर न्यो न खाणं हे सज्जनपणाचं लक्षण होऊन बसलं, आणि त्याचं कारण जे देत ते आपल्या पोळ्याचंच: जो आयुष्यभर आपल्यासाठी राबला त्याला कसं खायचं? म्हणून 'वॉटर मार्जिन' या जुन्या कादंबरीतले बंडखोर खाणावळीत शिरले की न्योचं मांस आणि दारू मागतात. वाघाला हातांनी मारणारा वू सोंगसुद्धा डोंगर चढण्याआधी तेच मागतो. राज्याचा कायदा न मानणारी माणसं आहेत, हे वाचकाला त्या ताटावरून कळायचं. म्हणजे पवित्र बैल, बंदी आणि ती मोडून खाणारा बहिष्कृत, हे तिन्ही तिथेही होते. नव्हती ती जात. तिथे खाणारा बंडखोर होता आणि मनात आणलं तर उद्या सोडून देऊ शकत होता. आमच्याकडे गावाने ओढायला लावलं, खायला लावलं, आणि मग खातात म्हणून शिवायचं नाही असं ठरवलं. बैलाची कृतज्ञता दोन्हीकडे एकच. तिचा हिशेब कुणाच्या नावावर लिहिला गेला ते निराळं. हे मी संपादकांना लिहिलेल्या पत्रात घातलं होतं आणि नंतर काढलं, कारण पत्र शब्दाविषयी होतं.

ते संपादक भले गृहस्थ आहेत. त्यांचा फोन आला. "ताई, गोमांस तुम्ही टाळलंत ते उत्तम. पण 'मोठ्याचं' पुण्याच्या वाचकाला कळणार नाही."

"पुण्यातल्या कॅम्पातल्या वाचकाला कळेल," मी म्हटलं.

ते हसले. "तळटीप देऊ या?"

तळटीप मला नको होती. तळटीप दिली की तो शब्द परका होतो, आणि तो चिनी शब्द नव्हे, मराठी आहे. 'कोशिंबीर'ला कुणी तळटीप देत नाही. पण खरा आक्षेप त्यांचा नव्हताच. खरा आक्षेप आईचा होता, आणि तो त्यांच्या आधी आला होता.

जेवायला बसलो तेव्हा मी भात केला होता. आईने स्वतःसाठी बाजरीची भाकरी थापली. पानात मुळा घेतला, गाजर घेतलं, रस्सा घेतला. मांस घेतलं नाही. मी काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मुळा झाक झालाय." मग, "येसूर लावलं असतं तर अजून दाटलं असतं." मग बऱ्याच वेळाने, "त्या म्हातारीच्या तोंडी काय घातलंस?"

मी सांगितलं.

"ते नको लिहू."

"का?"

"तिच्यावर नाही जायचं ते. तुझ्यावर येईल. खाली नाव तुझं असतंय." भाकरीचा तुकडा रश्श्यात फिरवत ती म्हणाली, "आम्ही पोटासाठी खाल्लं. तू हौसेनं करतीस, ते ठीक. पण तो शब्द हौसेचा नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आडनावावरून अनुवाद वाचणारे असतात. लेखकाने लिहिलेला शब्द त्याच्या पात्राचा मानतात. अनुवादकाने निवडलेला शब्द अनुवादकाच्या घरचा मानतात, विशेषतः आमच्यासारख्यांच्या. तिने चाळीस वर्षं खालच्या मजल्याला ऐकू जाणार नाही इतक्या बेताने जो शब्द सांभाळला, तो मी एका चिनी बाईला देऊन टाकत होते. आणि दुसरा शब्द त्या बाईला बसत नव्हता. ती मुलाला वाढताना 'बीफ' म्हणाली असती तर त्याच क्षणी ती खोटी झाली असती.

कथेत तो पदार्थ दोनदा येतो. एकदा म्हातारीच्या तोंडी आणि एकदा शेवटाकडे, मुलगा शेन्झेनच्या बसस्थानकाबाहेर एका खाणावळीच्या पाटीवर तेच नाव वाचतो आणि आत जात नाही. चिनीत दोन्हीकडे शब्द एकच आहे, आणि लेखकाला तो एकच असायला हवा होता. मी दोन लिहिले. घरी 'मोठ्याचं', पाटीवर 'बीफ'. मुलाने तो पदार्थ ओळखूनही का टाळला, हे मराठीत त्या दोन शब्दांच्या अंतरामुळे थोडं जास्तच उघड होतं. मूळ कथा इतकं उघड करत नाही. एखादा काटेकोर समीक्षक हे दाखवून देईल आणि त्याचं म्हणणं चूक नसेल. मला ते चालेल. संपादकांनी तळटीप सोडली, पाटीवरच्या 'बीफ'भोवती अवतरणचिन्हं मात्र घातली.

अंक यायच्या आधी मी आईला पूर्ण कथा वाचून दाखवली, तो शब्द तसाच ठेवून. त्या वाक्यापाशी ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. ती पंख्याकडे बघत होती. रश्श्यातलं उरलेलं त्या आठवड्यात आम्ही दोन दिवस गरम करून खाल्लं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिने एक तुकडा घेतला होता, त्याविषयीही आमच्यात बोलणं झालेलं नव्हतं.

वाचून संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "पहाटेपासून चढवलं म्हणतीस. एवढं सरपण कुठनं आणलं तिनं?"

मी पहिलं पान पुन्हा काढलं. म्हातारी उसाच्या रानातून खोडकी उकरून आणते आणि अंगणात उन्हात पसरते, असं एक वाक्य आहे.

"पाचट न्हाई ना?"

"नाही. खोडकी."

"मग ठीक हाय," आई म्हणाली. "पाचट भर्रकन जळून जातंय. खोडकी धरून ठेवतात जाळ."